दणका कुणाला बसतो?

कोणत्याही मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीचं आतलं पान उघडा. खाली कुठंतरी राखाडी पट्टीत एक चौकट हमखास सापडेल. कोपऱ्यात दैनिकाचं बोधचिन्ह, शेजारी ‘दणका’ किंवा ‘इम्पॅक्ट’ असा शिक्का आणि आठ-दहा ओळींचा मजकूर: अमुक फाट्यावरच्या खड्ड्यांबाबत सचित्र वृत्त प्रसिद्ध होताच प्रशासन खडबडून जागं झालं. सोबत दोन फोटो. कालच्या फोटोत पाणी साचलेला खड्डा, आजच्या फोटोत त्याच जागी पसरलेली खडी. डांबर दोन्हींत नाही.

या चौकटीमागचा समज असा, की परिणाम झाला म्हणजे पत्रकारिता जिंकली. याच्या बरोबर उलटा समज पत्रकारितेच्या वर्गांत शिकवला जातो. पत्रकारानं परिणामाची इच्छा धरायचीच नाही; धरली की तो कार्यकर्ता झाला. हे दोन समज एकमेकांचे वैरी वाटतात, पण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच आहे. एक परिणाम मोजतो, दुसरा परिणामाची हाव मोजतो. बातमी वाचणाऱ्याच्या पदरात काय पडलं, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

माझं म्हणणं असं, की पत्रकारिता आणि चळवळ यांच्यातली रेघ परिणामावर ठरत नाही, हेतूवर ठरत नाही आणि बाजू घेण्यावरही ठरत नाही. हवा तो परिणाम घडावा म्हणून वाचकापासून काही दडवलं का, या एका प्रश्नावर ती ठरते. कोण तटस्थ आणि कोण चळवळ्या, हे त्या-त्या समाजानं मारलेले शिक्के असतात आणि ते देशागणिक बदलतात. हे टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. दणका खाली बसतो

अशा चौकटी वर्षभर कापून ठेवा आणि दणका कुणाला बसला त्याची यादी करा. ग्रामसेवक, तलाठी, कनिष्ठ अभियंता, आश्रमशाळेचा मुख्याध्यापक. फार तर एखादा गटविकास अधिकारी. रस्त्याचं कंत्राट कुणाच्या मेहुण्याला मिळालं आणि दरवर्षी तोच रस्ता का उखडतो, या बातमीला चौकट मिळत नाही, कारण तिचा निकाल लागेपर्यंत पाच पावसाळे जातात. म्हणजे चौकट बातमीची ताकद दाखवत नाही, समोरच्याचा अशक्तपणा दाखवते. जो लवकर घाबरतो त्याच्याबद्दल लिहिलं की इम्पॅक्ट लवकर येतो. हे एकदा कळलं की बातमीदार विषयही त्याच हिशेबानं निवडू लागतो, आणि तसं त्याला कुणी सांगावंही लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. भोपाळचे राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात युनियन कार्बाइडच्या कारखान्याबद्दल एकामागून एक लेख लिहिले. शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय, असा त्यांचा इशारा होता. १९८४ च्या जूनमध्ये तोच विषय त्यांनी ‘जनसत्ता’त मांडला. कुणी हललं नाही. २ डिसेंबरच्या रात्री वायू सुटला. परिणामाच्या मापानं हे लेख शून्य आहेत. पण विसाव्या शतकातल्या भारतीय पत्रकारितेचं सर्वांत नेमकं काम कोणतं, असं मला विचारलं तर मी हेच पुढं करीन. ज्या मापात केसवानी नापास होतात आणि खडीचा फोटो पास होतो, ते माप मोडीत काढायला हवं.

आणि जिथं दणका खरोखर वर बसला, तिथंही तो एकट्या बातमीनं मारलेला नसतो. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींनी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानचं आणि सिमेंटच्या कोट्याचं प्रकरण बाहेर काढलं. अंतुले पायउतार झाले ते पुढच्या जानेवारीत, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागल्यावर. मधे साडेचार महिने गेले होते. शिवाय विधिमंडळ होतं, विरोधी पक्ष होते, याचिका होती. या मधल्या यंत्रणेकडं मी पुन्हा येणार आहे. सगळ्या प्रश्नाची मेख तिथंच आहे.

२. पाच पौंड आणि तेवीसशे रुपये

१८८५ च्या जुलैत लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी शहरातल्या मुलींच्या विक्रीवर लेखमाला छापली. त्यातली सर्वांत गाजलेली हकीकत तेरा वर्षांच्या एका मुलीची, जिला पाच पौंडांत विकत घेतलं गेलं. लंडन पेटलं, अंकांवर झुंबड उडाली आणि संसदेत वर्षानुवर्षं रखडलेलं विधेयक ऑगस्टच्या मध्याला कायदा झालं. मुलींचं संमतिवय तेरावरून सोळावर गेलं. इम्पॅक्टच्या इतिहासात याहून मोठी चौकट सापडणं कठीण.

पण ती मुलगी विकत घेणारे स्वतः स्टेडच होते. मध्यस्थ त्यांनी नेमले होते, पैसे त्यांचे होते. लेखात मात्र ही खरेदी कुणा दुसऱ्यानं केल्यासारखी सांगितली होती. मुलीची आई पुढं म्हणाली, की पोर घरकामाला जातेय असंच मला वाटलं. बापाला तर कुणी विचारलंही नव्हतं. खटला उभा राहिला आणि स्टेड तीन महिने तुरुंगात गेले. पुढं ते दरवर्षी त्या दिवशी कैद्याचा पोशाख अभिमानानं मिरवत.

स्टेड यांचा हेतू खरा होता, बाजू योग्य होती आणि तो व्यापारही खरोखर चालत होता. तरी रेघ ओलांडली गेली. त्यांनी कायदा मागितला म्हणून ती ओलांडली गेली असं मला वाटत नाही. आपण जे पाहतोय ते लेखकानंच रचलंय, हे वाचकाला कळू दिलं नाही, तिथं ती ओलांडली गेली. आणखी एक गोष्ट चौकटीत मावत नाही. त्याच कायद्यात ऐनवेळी एक कलम घुसवलं गेलं, ज्यानं पुरुषांमधले समलिंगी संबंध शिक्षापात्र ठरवले. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड त्याच कलमाखाली दोन वर्षं सक्तमजुरीला गेले. लोकक्षोभाच्या लाटेवर कायदा येतो तेव्हा लाटेसोबत काय-काय वाहून येईल, यावर संपादकाचा ताबा नसतो.

शहाण्णव वर्षांनी, १९८१ च्या एप्रिलमध्ये, ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी २,३०० रुपयांना एक बाई विकत घेतली आणि बायकांचा बाजार देशापुढं मांडला. फरक नोंदवण्याजोगा आहे: सरीन यांनी खरेदी आपणच केली हे पहिल्या दिवसापासून सांगितलं. माझ्या मापानं ते स्टेड यांच्या पुढचं पाऊल. पण मराठी माणसाला हे प्रकरण आठवतं ते विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकामुळं. तेंडुलकरांनी खरेदी-विक्रीचा बाजार बाजूला ठेवून थेट पत्रकाराचं घर उघडलं. विकत आणलेली कमला पत्रकाराच्या बायकोला, सरिताला, निरागसपणे विचारते की तुला केवढ्याला आणलं. नाटकातल्या जयसिंग जाधवला कमला हवी असते ती पत्रकार परिषदेपुरती. नंतर ती कुठं जाणार, हा त्याच्यासाठी व्यवस्थेचा प्रश्न. माझ्या व्याख्येला इथं एक पुरवणी जोडावी लागते. वाचकासोबत बातमीतल्या माणसालाही कळायला हवं, की आपला उपयोग कशासाठी होतोय.

जपानमधलं मिनामाता याच पुरवणीची कसोटी घेतं. चिस्सो कंपनीनं समुद्रात सोडलेल्या पाऱ्यानं माणसं लुळी पडली. अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ १९७१ मध्ये तिथं राहायलाच गेले आणि सरळसरळ पीडितांच्या बाजूनं उभे राहिले. पुढच्या जानेवारीत कंपनीच्या माणसांकडून त्यांनी जबर मारही खाल्ला. न्हाणीत आपल्या लेकीला धरून बसलेल्या आईचा त्यांचा फोटो जगभर गेला, तो आईच्या संमतीनं. ती मुलगी १९७७ मध्ये गेली, फोटो मात्र फिरत राहिला. अखेर आई-वडिलांना तो सोसेना. १९९० च्या दशकाच्या शेवटी, यूजीन यांच्यासोबत तिथं काम केलेल्या आयलीन स्मिथ यांनी त्या छायाचित्राचा निर्णय त्या कुटुंबाच्या हाती सोपवला आणि ते नव्यानं छापणं थांबलं. जगातला बहुधा सर्वांत परिणामकारक प्रदूषणविरोधी फोटो असा मागे घेतला गेला, आणि मला त्यात पत्रकारितेचा पराभव दिसत नाही.

३. मधली यंत्रणा

आता शिक्क्यांकडं. अमेरिकेत तटस्थता जवळजवळ सोवळ्यासारखी पाळली गेली आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी सर्वोच्च न्यायालयाचं वार्तांकन करणाऱ्या लिंडा ग्रीनहाउस १९८९ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या म्हणून त्यांना समज दिली गेली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे संपादक लेनर्ड डाउनी तर मतदानही करत नसत. हे सोवळं परवडतं, कारण बातमी आणि परिणाम यांच्या मध्ये कुणीतरी काम करणारं असतं. बातमीदारानं कागद टेबलावर ठेवून घरी जावं. पुढं न्यायालय आहे, संसदेची समिती आहे, निवडणूक आहे. बातमी उचलून नेणारे हात असले की बातमीदाराला आपले हात धुतलेले ठेवता येतात.

हे हात नसतात तिथं काय होतं? चीनच्या ग्वांगचौ शहरात मार्च २००३ मध्ये एक तरुण, वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून पोलिसांच्या ताब्यात गेला आणि मारहाणीत मेला. ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’नं एप्रिलमध्ये शवविच्छेदनाच्या आधारानं सगळी हकीकत छापली. मोर्चा नाही, घोषणा नाही, अग्रलेखी आवेशही बेताचाच. जूनमध्ये सरकारनं ती अटकेची पद्धतच रद्द केली. पुढच्या वर्षी त्याच दैनिकाचे वरिष्ठ लोक आर्थिक गुन्ह्यांच्या आरोपांखाली आत गेले. वॉशिंग्टनच्या कसोटीवर यापेक्षा सोवळी बातमी सापडायची नाही. बीजिंगच्या कसोटीवर ते बंड होतं. बातमी एकच, शिक्के दोन.

मराठी पत्रकारितेचा जन्मच या मधल्या हातांच्या अभावात झाला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत काढलं, त्यातच सगळं आलं: एक रकाना आपल्या लोकांसाठी, दुसरा राज्यकर्त्यांनी वाचावा म्हणून. बेहरामजी मलबारी या मुंबईकर पारशी संपादकानं १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून मोहीम उघडली, तेव्हा त्यांना दाद मागायला जागा एकच होती: परक्यांचं सरकार. थेट विलायतेत जाऊन त्यांनी ती मागितली. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर गेलं. ‘केसरी’नं विरोध केला, ‘सुधारका’तून आगरकर पाठीशी उभे राहिले. टिळकांचा मुद्दा आज अनेकांना निव्वळ प्रतिगामी वाटतो, मलाही निष्कर्षापुरता तसाच वाटतो. पण त्यात एक प्रश्न होता, जो स्टेड यांना कधी पडायची गरजच नव्हती: बातमीनं हलवायची ती यंत्रणा कुणाची?

‘मूकनायक’ या प्रश्नाच्याही पलीकडं जातो. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी तो सुरू केला, कारण इतर पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नाला जागाच नव्हती. ‘केसरी’नं तर पैसे देऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नाही. पुढं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ ला आणि ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला. आधी तळं, मग दोन आठवड्यांत पत्र. इथं पत्रकारिता कुठं संपली आणि चळवळ कुठं सुरू झाली, हे विचारणाऱ्यानं आधी सांगावं की त्या दोन आठवड्यांत महाडची बातमी दलितांच्या बाजूनं छापायला कोणतं तटस्थ दैनिक सज्ज होतं. तटस्थतेची शिकवण बहुधा ज्यांची बातमी आधीच छापून येते त्यांच्याकडून मिळते.

४. डोंगरीच्या दाराबाहेर

इथवर वाचून कुणाला वाटेल, की बाजू न्याय्य असली की सगळं माफ, असं मी म्हणतोय. म्हणून आपल्याच घरातलं एक अवघड प्रकरण घेतो.

‘केसरी’ सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा टिळक-आगरकरांनी कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. तरुण छत्रपतींचा छळ होतोय, त्यामागं दिवाण आहेत, असा एकूण सूर. आधार होता तो काही पत्रांचा. अब्रूनुकसानीच्या खटल्यात ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघं २६ ऑक्टोबरला बाहेर आले तेव्हा दाराबाहेर त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती.

त्या गर्दीपाशी मी नेहमी थबकतो. पुरावा खोटा ठरला होता आणि लोकप्रियता वाढली होती. इम्पॅक्टच्या चौकटीत हे प्रकरण विजय म्हणून बसतं. गंमत म्हणजे मूळची काळजी पोकळ नव्हती. ते छत्रपती चौथे शिवाजी डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला इंग्रजांच्या देखरेखीत असताना एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. म्हणजे अंदाज खरा आणि कागद खोटे. अशा वेळी पुष्कळ लोक म्हणतात, कागदांचं एवढं काय घेऊन बसलात, शेवटी बरोबर तर निघालं ना? इथंच माझी रेघ आहे. टिळक-आगरकरांनी वाचकाला जाणूनबुजून फसवलं नाही. पण हवी तीच पत्रं हाती आली तेव्हा ती नको असलेल्या पत्रांइतक्या कठोरपणे तपासली गेली नाहीत. आपल्या बाजूच्या पुराव्याला सवलत देणं, हाही दडवण्याचाच एक प्रकार. फक्त आपण ते आधी स्वतःपासून दडवतो.

याच्या शेजारी कृष्णवर्णीय अमेरिकी पत्रकार आयडा बी. वेल्स यांना उभं करा. मेम्फिसमध्ये १८९२ साली त्यांच्या तीन परिचितांना झुंडीनं मारलं. वेल्स यांनी लिहिलं, आणि त्यांच्या पत्राचं कार्यालय फोडलं गेलं. त्या तेव्हा गावाबाहेर होत्या. पुढं त्या आयुष्यभर झुंडबळींविरुद्ध लढल्या, व्याख्यानं दिली, विलायतेत जाऊन जनमत उभं केलं. त्यांच्याइतकी उघड कार्यकर्ती पत्रकार शोधून सापडणार नाही. पण १८९५ च्या पुस्तिकेत त्यांनी आकडे वापरले ते गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी स्वतः छापलेले. बलात्काराच्या सुडापोटी हे बळी जातात, असा तेव्हाचा सार्वत्रिक समज. त्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की बहुसंख्य प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. विरोधकाच्या वहीतून हिशेब मांडला की त्याला तो खोडता येत नाही. त्याच काळात दक्षिणेतली ‘तटस्थ’ दैनिकं शेरीफचं म्हणणं जसंच्या तसं छापत होती. कार्यकर्ती कोण आणि पत्रकार कोण, हे मी वाचकावर सोडतो.

५. आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. बाजू घ्यायला परवानगी दिली की रवांडा होतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम या रेडिओनं तुत्सींविरुद्ध विष पेरलं आणि १९९४ च्या कत्तलीत माणसं हेरून दिली. त्या निवेदकांनाही आपण आपल्या लोकांसाठी उभे आहोत असंच वाटत होतं. खरं आहे. पण त्या रेडिओचं पाप बाजू घेण्यानं सुरू झालं की शेजाऱ्यांबद्दल रचलेल्या खोट्यानं? रवांडात दोन्ही बाजू मांडणारा एखादा संयमी कार्यक्रम ‘काहींचं म्हणणं असं, की शेजारी झुरळं आहेत’ एवढं नमूद करून मोकळा झाला असता, तर ते पुरे झालं असतं का? तटस्थतेनं हा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप: चळवळीत उतरलेला माणूस आपल्याच चळवळीचं वाईट कसं छापेल? बहुधा छापणार नाही, हे मी मान्य करतो. अर्जेंटिनाचे रोडोल्फो वॉल्श याची दोन्ही टोकं दाखवतात. १९५७ च्या पुस्तकात त्यांनी लष्करी राजवटीनं बेकायदा गोळ्या घातलेल्या माणसांची कथा उकरून काढली, तेव्हा ते त्या माणसांच्या पक्षाचे नव्हते. तपासानं त्यांचं मत फिरवलं. पुढं ते सशस्त्र संघटनेत गेले, तिच्यासाठी गुप्त वृत्तसंस्था चालवली. तिथले मजकूर मी पत्रकारिता म्हणून वाचणार नाही. पण २४ मार्च १९७७ ला त्यांनी लष्करशहांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं, खाली स्वतःचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक घातला, प्रती टपालात टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मारले गेले. कोण बोलतोय, कुठून बोलतोय, सगळं त्या सहीत होतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि मला तोच अधिक आवडतो: बातमी देऊन मोकळं व्हायचं, मग गर्दुल्ल्यांचं करायचं काय? अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या विळख्याबद्दल लिहिलं आणि त्यातूनच १९८६ मध्ये, पत्नी सुनंदाताईंच्या पुढाकारानं आणि पु. लं.च्या मदतीनं, पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्यानंतर अवचट व्यसनमुक्तीबद्दल लिहीत तेव्हा ते घरचा माणूस म्हणून लिहीत आणि हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असे. त्यांच्या लेखातून मुक्तांगणाचं मूल्यमापन कुणी मागू नये. ते काम दुसऱ्या कुणी करावं. एवढं उघड असलं की भागतं.

आपल्या तालुक्याच्या गावात हेच उघड नसतं. तिथला वार्ताहर हा बहुधा शिक्षक, दुकानदार किंवा एखाद्या संघटनेचा सरचिटणीस असतो. मानधन नावाला, जाहिरातीचं कमिशन खरं उत्पन्न. तो पाणीप्रश्नावर तहसीलदारांना निवेदन द्यायला जातो, फोटोत डावीकडून तिसरा उभा राहतो आणि रात्री त्याचीच बातमी पाठवतो. शेवटची ओळ ठरलेली: ‘निवेदनावर अमुक, तमुक आदींच्या सह्या आहेत.’ त्या नावांत त्याचं स्वतःचं नाव असतं, आणि बातमीच्या वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच छापलेलं असतं. पाणी त्याच्याही नळाला येत नाही, तेव्हा त्यानं निवेदनाला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. डेस्कवरच्या माणसानं मात्र ती शेवटची ओळ वाचावी आणि ‘आमच्या वार्ताहराकडून’ खोडून तिथं त्याचं नाव आणि संघटनेतलं पद घालावं. आठ दिवसांनी पाणी आलंच, तर चौकटीतही.